तायडे मॅडम आणि थकलेली पाती

तायडे मॅडमच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा सापडला नसता, पण लोहचुंबक हमखास सापडायचा. अमरावतीच्या कॉलेजात मी रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहात साखर ढवळत बसलो होतो. समोरच्या बाईंनी काही न विचारता माझ्या हातातला चमचा घेतला, पदराला पुसला, त्याला चुंबक लावून पाहिला आणि तो चिकटत नाही म्हटल्यावर परत दिला. "बरा आहे, वापरा," म्हणाल्या आणि पुन्हा पेपर तपासायला लागल्या. ना माझं नाव विचारलं, ना गाव. माझी चौकशी करायच्या आधी माझ्या चमच्याची चौकशी झाली, याचा मला जरा रागच आला होता. चुंबक न चिकटणाऱ्या स्टीलमध्ये निकेल असतं आणि बाईंना तेच पाहायचं होतं, हे मला पुढे कळलं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वऱ्हाडातलं बोलणं माझ्या कानांना सुरुवातीला भांडणासारखं वाटायचं, आणि कोणी "काहून आले?" असं विचारलं की आपण येऊन चूक केली की काय असं वाटून जायचं. मॅडम अकोटच्या. सासर अकोल्याला, जठारपेठेत. नवरा तिथेच बँकेत होता. त्या सोमवार ते शनिवार अमरावतीला खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी एसटीने अकोल्याला जात. वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकी असे. पण एखादी गोष्ट खरोखर मनाला लागली, की त्या सरळ अकोटच्या बोलीत उतरत. आम्ही सहकारी त्यावरूनच ओळखायचो, की आता चेष्टा थांबवावी.

त्यांचा विषय धातुशास्त्र, आणि त्यातही जीव जडलेला तो निकेलच्या सुपरअलॉयवर. हे म्हणजे विमानाच्या आणि वीज तयार करणाऱ्या गॅस टर्बाइनच्या पोटात, जिथे लोखंड केव्हाच मऊ पडून वाकलं असतं, तिथे लालबुंद होऊनही जोमाने फिरत राहणारे धातू. आता आमच्या अमरावतीला विमानांचे कारखाने आहेत असं नाही. मी एकदा चिडवलंही, की मॅडम, तुमचं प्रेम म्हणजे सेमाडोहच्या जंगलात राहून समुद्रावर प्रेम करण्यासारखं आहे. त्यांनी पेपरवरची नजर न उचलता म्हटलं, "समुद्र पाहिला नाही म्हणून मीठ खायचं सोडलं का तुम्ही?"

पोरांना न दिसणारी गोष्ट शिकवायची कशी, हा त्यांच्या विषयातला मोठा वांधा. या धातूची सगळी करामत त्याच्या आत दडलेल्या अतिसूक्ष्म कणांत असते, आणि ते कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही धड दिसत नाहीत. मॅडमनी त्यावर तूप काढलं. हिवाळ्यात एके दिवशी त्या वर्गात तुपाच्या दोन बरण्या घेऊन आल्या. तूप एकच, अकोटहून बहिणीने पाठवलेलं. दोन्ही बरण्या आदल्या दिवशी सारख्याच गरम केलेल्या. मग एक बरणी गोधडीत गुंडाळून ठेवली आणि दुसरी थंड पाण्याच्या पातेल्यात. गोधडीतलं तूप छान रवाळ झालं होतं, चांगलं ज्वारीएवढं दाणेदार. पाण्यातलं लोण्यासारखं गुळगुळीत. बरण्या बाकांवरून फिरल्या, बोटं बुडवली गेली.

एका मुलाने विचारलं, यातलं चांगलं कोणतं? मॅडमनी उलट विचारलं, "कशासाठी?" आणि मग फळ्याकडे वळल्या. या धातूत मुख्य असतं निकेल, आणि त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम. धातू खूप तापवला, अकराशे अंशांच्याही वर नेला, की ते सगळं निकेलमध्ये विरघळून एकजीव होतं. थंड होऊ लागला की तेच पुन्हा बारीक बारीक चौकोनी कण होऊन आत जागोजागी बसतं. या कणांना गॅमा प्राइम म्हणतात, आणि तेच त्या धातूचे पाय रोवून धरतात, त्याला ताणू देत नाहीत. झपाट्याने थंड केलं तर कण अगदी बारीक, सावकाश केलं तर मोठे. नंतर पुन्हा मध्यम आचेवर दिवसभर ठेवून त्यांना हवं तेवढं वाढवायचं. म्हणजे धातू तोच, त्यातली द्रव्यंही तीच, पण तापवण्यानिववण्याच्या तऱ्हेवर त्याचा स्वभाव ठरणार. तास संपला तेव्हा पोरांनी डबे उघडून पोळ्यांना दोन्ही तुपं लावली होती आणि रवाळ बरणीचा तळ दिसत होता. पुढे कित्येक वर्षं परीक्षेत कोणी ना कोणी उत्तराची सुरुवात तुपापासून करत असे, आणि मॅडम त्याला मार्क देत.

"तापवाले काय, कोनीबी तापवते. थंडं करता आलं पायजे." हे त्यांचं पालुपद. भट्टीपुरतंच ते नव्हतं. एकदा टाइमटेबलवरून आमच्या दोन प्राध्यापकांची अशी जुंपली, की आता हात उगारले जाणार. बाकीचे मध्ये पडून समजावायला लागले, कोणी प्राचार्यांना बोलावू म्हणालं. मॅडमनी एकाला खिडकीशी उभं केलं, दुसऱ्याला दाराशी, आणि सगळ्यांना गप्प बसवलं. म्हणाल्या, यांना असंच हवेत थंड होऊ द्या, आता पाण्यात बुचकळलं तर तडा जाईल. दोघेही खिडकीतून आणि दारातून बाहेर पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने त्यातल्या एकालाच हसू फुटलं. प्राचार्यांपर्यंत काही गेलं नाही.

या बाईंची भट्टी वर्कशॉपच्या टोकाच्या खोलीत होती. मंजुरीसाठी त्यांनी किती वर्षं खेटे घातले होते कोण जाणे. भट्टी, कडकपणा मोजायचं यंत्र, धातूचे तुकडे घासून चकचकीत करायची चक्री आणि एक बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक, एवढा तो संसार. त्या भट्टीला हात लावताना तळहात कधी लावत नसत, पालथा हात लावत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. पण विषय घेणारी मुलं कमी कमी होत गेली. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या आणि प्राचार्यांची नजर त्या खोलीवर गेली. प्राचार्य वाईट माणूस नव्हे. पोरांना बसायला जागा नव्हती हे त्यांचं म्हणणंही खरं होतं. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं, की बाहेरच्या एखाद्या कंपनीचं काम या प्रयोगशाळेला मिळत असेल तर जूनपर्यंत दाखवा, खोली राहील. नाहीतर भट्टी भंगारात काढून तिथे कॉम्प्युटर लावू.

आणि मॅडम स्वतः त्याच जूनअखेर निवृत्त होणार होत्या. मी शहाणपणाने म्हणालो, की तुम्ही जाणारच आहात अकोल्याला, मग या खोलीसाठी कशाला जीव आटवता? त्या चक्रीवर तुकडा घासत होत्या. चक्री बंद केली.

"मी चालली, मान्य. खोली काहून चालली पाह्यजे?" आणि मग बाहेर बसलेल्या रोशनीकडे हात करून म्हणाल्या, "दर्यापूरच्या पोरीनं निकेल कोठी पाहावं मंग? फोटोत?"

रोशनी गवई ही त्यांची विद्यार्थिनी. दर्यापूरजवळच्या खेड्यातली. एम.टेक. करून आली होती आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होती. खोली राहिली तर तिला पाय टेकायला जागा होती. नसती तर तिलाही कॉम्प्युटरच्या एखाद्या क्लासमध्ये लागावं लागलं असतं, आणि ती तशी तयारी करू लागली होती, हे मॅडमना ठाऊक होतं.

काम शोधायला मॅडमनी कोणाकोणाला फोन केले ते मला माहीत नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याकडच्या एका कंपनीचं पार्सल आलं. ही कंपनी वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनची दुरुस्ती करायची. तिथले एक जुने इंजिनियर, परांजपे, मॅडमना कुठल्याशा परिषदेत भेटले होते. पेढ्याच्या खोक्यात कापसात गुंडाळलेले धातूचे तुकडे होते, वर्षानुवर्षं फिरून उतरवलेल्या टर्बाइनच्या पात्यांचे. मॅडमनी एक तुकडा तळहातावर घेतला आणि उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "थकली आहेत."

मला तर त्यात काही दिसेना. ना तडा, ना गंज. त्यांनी समजावून सांगितलं. इतकी वर्षं उन्हातान्हात, म्हणजे लाल आगीत, फिरून आतले ते बारीक चौकोनी कण एकमेकांत मिसळून फुगतात, गोल होतात, आणि त्यांची पकड सुटत जाते. वरून पातं नव्यासारखं दिसतं, आतून सैलावलेलं असतं. नवं पातं फार महाग. पण पुरेसं तापवलं, तर ते फुगलेले कण पुन्हा विरघळतात. मग नीट थंड केलं आणि मध्यम आचेवर मुरवलं, की नव्याने बारीक कण धरतात. मी विचारलं, म्हणजे पातं नवं होतं?

"नवं नाही होत. पन पुन्हा कामाचं होते." असं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला एकदम बरं वाटलं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि नोकरीचा कंटाळा आला होता. फुगलेले कण विरघळतात हे ऐकून मी त्या दिवशी संध्याकाळी उगाचच चालायला गेलो.

ठरलं असं. मॅडम या तुकड्यांवर ही पुनरुज्जीवनाची पद्धत करून पाहणार, निकाल कंपनीला कळवणार, आणि तो पटला तर कंपनी आपल्या शेडमध्ये पाती तशीच निववणार आणि असे तुकडे नेमाने इथे तपासायला येणार. परांजपे स्वतः पाहायला येतो म्हणाले.

ते आले ते भर मे महिन्यात. मे महिन्यातली अमरावती ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही आणि पाहिली त्याला सांगायची गरज नाही. त्यात भट्टी दोन तास पेटलेली. कोपऱ्यात चाकांच्या स्टँडवर कूलर घुरघुरत होता. परांजपे भट्टीपलीकडे स्टुलावर बसून रुमालाने टक्कल पुसत होते, आणि पुसून होईस्तोवर ते पुन्हा ओलं होत होतं. विटांच्या ओट्यावर तुकडे ठेवायची जागा मॅडमनी सकाळीच आखली होती. कुठला तुकडा कुठे, हे ठरलेलं. वेळ झाली तशी त्यांनी चेहऱ्यावर जाळी ओढली, लांब चिमट्याने एकेक तुकडा बाहेर काढला आणि ओळीने विटांवर ठेवला. नारिंगी तुकडे पाहता पाहता तांबडे झाले, मग काळे. रोशनी वेळ सांगत होती. सगळं कसं चोख झालं. परांजपेही खूश होऊन संध्याकाळच्या गाडीने गेले.

मग तुकडे पुन्हा भट्टीत मुरवायचे होते, एक अख्खा दिवस आणि रात्र, मध्ये वीज न जाता. नेमकी दुसऱ्या दिवशी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार असल्याची बातमी आली. मॅडम ऊन डोक्यावर असताना उपकेंद्रावर गेल्या. तिथली अभियंता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती बिचारी म्हणाली, की मॅडम, मोहल्ल्याची लाइन मी तुमच्या एकट्यासाठी कशी चालू ठेवू? मॅडम म्हणाल्या, "चालू नको ठेवू. बंद परवा कर." दुरुस्ती परवा झाली. त्या दिवशी आमच्या घरीही पंखे बंद होते, पण मी कुणाकडे तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात रोशनी आणि मॅडम बडनेऱ्याहून रेल्वेने नागपूरला गेल्या. तिथल्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता, त्यात हे कण दिसतात. परत आल्या त्या एक कोडं घेऊनच. कडकपणा मोजला होता, त्यात निम्मे तुकडे अपेक्षेप्रमाणे आले होते आणि निम्मे अपेक्षेपेक्षा बरेच जास्त कडक. फोटोतही तेच. काहींत कण ठरल्या मापाचे, काहींत फारच बारीक. धातू एक, भट्टी एक, दिवस एक. प्राचार्यांनी आकडे पाहिले आणि जास्त कडक तुकड्यांवर बोट ठेवून मॅडमचं अभिनंदन केलं. मॅडम कागद घेऊन भट्टीकडे परतल्या; एकाच खेपेतले तुकडे दोन तऱ्हेचे का निघाले, हे त्यांना कळत नव्हतं.

पुढचे काही दिवस त्यांचा डबा तसाच परत जाई. अकोल्याहून त्यांच्या यजमानांचा मला फोन आला, की ही जेवते का हो? मी म्हटलं, चहा पितात. ते म्हणाले, चहा तर ती झोपेतही पिते, ते जेवण नव्हे. माणूस मोठा गोड.

मग एके दुपारी मॅडमनी मला भट्टीच्या खोलीत बोलावलं. तो दिवस होता तसा मांडून पाहायचा होता. भट्टी विझलेली, पण बाकी सगळं जागच्या जागी. मला स्टुलावर बसवलं. "तुम्ही परांजपे," म्हणाल्या. तुकडे पुसायला प्रयोगशाळेत कापूस असतोच. त्याचे बारीक बारीक पिंजलेले पुंजके त्यांनी विटांवर ठेवली, जिथे जिथे तुकडा होता तिथे तिथे. कूलर आपल्या कोपऱ्यात चालू. कापूस जागचा हलत नव्हता. रोशनीने खिडकी उघडून पाहिली, दार लोटून पाहिलं. काही नाही. मला उकडत होतं. मी रुमाल काढून तोंड पुसलं.

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा हात, त्यांच्याही नकळत असावा, कूलरच्या स्टँडकडे गेला आणि त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. हे वऱ्हाडातलं रोजचंच. घरी कोणी आलं की आधी पाणी, आणि पाणी देता देता कूलरचं तोंड पाहुण्याकडे. घरचे मग घामाघूम बसतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. माझ्याच घरी बायको शिकली आहे आता असं करायला. कूलर वळला, आणि विटांच्या एका टोकाचा कापूस उडून भिंतीशी गेला. दुसऱ्या टोकाचा भट्टीच्या आडोशाला होता, तो तसाच राहिला.

रोशनीने कुठला तुकडा कुठे होता ते पाहिलं. उडालेल्या कापसाच्या जागचे तेच ते कडक तुकडे. आम्ही दोघं मॅडमकडे पाहत होतो.

"मीच फिरवला," त्या म्हणाल्या. "त्याइले उकडून राह्यलं होतं."

आयुष्यभर 'थंडं करता आलं पायजे' म्हणणाऱ्या बाईची थंड करण्यातच चूक व्हावी, आणि तीही पाहुणचारापायी, याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं, आणि खोली गेली असंही वाटलं.

प्राचार्यांना सांगायला आम्ही तिघं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, की मॅडम, हे तुम्हा तिघांनाच माहीत आहे. आणि चूक झाली ती चांगल्याच बाजूला झाली. कडक तुकडे तेवढे पाठवून द्या. जून तोंडावर आहे. त्यांना ती प्रयोगशाळा टिकवायचीच होती बहुतेक, म्हणूनच ते असं म्हणाले. मॅडम एकदम बोलीत उतरल्या.

"साहेब, कडक म्हंजे मजबूत नाही. अन् आपून लिवनार, हवेत थंडं केलं. त्याइच्या शेडमंदी माहा कूलर हाये का? ते आपल्या भरोशावर पाते लावतीन, फिरवतीन. कोठीतरी त्याच्या बाजूले मानसं उभे असतीन."

प्राचार्य म्हणाले, पण मग खोलीचं काय? तुम्हीच तर तिच्यासाठी एवढं करताय.

"खोली खरं पाह्यासाठी हाये. खोटं पाह्याचं असंन तं कॉम्प्युटर लावा तुमी, मी चाबी देतो."

मग तिथेच, प्राचार्यांच्या टेबलावर फोन ठेवून, त्यांनी परांजप्यांना लावला आणि स्पीकर चालू केला. आता पुन्हा पुस्तकी मराठीत. परांजपे साहेब, तुम्हाला उकडत होतं म्हणून मी कूलर तुमच्याकडे फिरवला आणि तुमचे निम्मे तुकडे बिघडवले. प्राचार्य पेन फिरवत होते. रोशनी जमिनीकडे बघत होती. मग परांजप्यांनी विचारलं, "कूलर किती लांब होता?" मॅडमनी सांगितलं. त्यांनी आणखी दोनचार गोष्टी विचारल्या, वारा कुठल्या बाजूने, ओट्याची उंची केवढी. शेवटी म्हणाले, "दोन्ही प्रकारचे तुकडे पाठवा. आणि एकदा कूलरशिवाय करा. या वेळी मी येत नाही, म्हणजे तुमच्यावर धर्मसंकट नको."

दुसऱ्या वेळी कूलर व्हरांड्यात, पंखा बंद, खिडक्या बंद. माठातलं पाणी आणि घरून आणलेलं ताक एवढ्यावर आम्ही ती दुपार काढली. मी आयुष्यात इतका घाम कधी गाळलेला नाही, लग्नातसुद्धा नाही. या वेळी सगळे तुकडे सारखे आले. फार कडक नाही, फार मऊ नाही, कण ठरल्या मापाचे. मॅडमनी आणखी एक गोष्ट केली. काही तुकडे मुद्दाम कूलरसमोर ठेवून, अंतर मोजून, थंड केले आणि तेही पाठवले. चूक झालीच आहे तर ती नीट मोजून तरी घेऊ, असं त्यांचं म्हणणं.

जून संपत आला तरी कंपनीचं उत्तर नव्हतं. मॅडमच्या निरोपसमारंभात प्राचार्यांनी भाषण केलं. शाल दिली, नारळ दिला, आणि खाली बसता बसता माइक पुन्हा हातात घेऊन म्हणाले, की भट्टीची खोली दिवाळीपर्यंत मी कोणाला देत नाही. टाळ्या पडल्या त्या त्यालाच. मॅडमनी डोळ्याला पदर लावला. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा परांजप्यांचा फोन आला, या वेळी रोशनीला. त्यांच्या शेडमध्ये मोठे पंखे होते, कुठलं पातं कुठल्या पंख्यासमोर निवतं हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं, आणि एकाच खेपेतली पाती वेगवेगळी का निघतात यावर त्यांची आपसात वादावादी चालली होती. मॅडमच्या मोजलेल्या चुकीवरून त्यांना ते उलगडलं. तुकडे पाठवतो म्हणाले, आधी वर्षभर, मग पुढचं पाहू. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. रोशनीचा हुद्दा अजून तासिकेवरचाच आहे, पण तिने कॉम्प्युटरच्या क्लासचं नाव पुन्हा काढलेलं नाही.

पहिली खेप आली त्या दिवशी रोशनीने हट्टाने मॅडमना अकोल्याहून बोलावून घेतलं. त्या सकाळच्या एसटीने आल्या, थोड्या वाळलेल्या वाटल्या. वर्कशॉपपर्यंत आल्या आणि खोलीच्या दाराशी थांबल्या. आत या म्हटलं तर येईनात. व्हरांड्यात बाक होतं त्यावर बसल्या, तेही दाराकडे पाठ करून. मी म्हटलं, मॅडम, हे काय? म्हणाल्या, "मी आत आली का तुमी भट्टीकडं नाही पाहात, माह्याकडं पाह्यता."

मी त्यांच्याशेजारी बसलो. आतलं काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. भट्टीचं दार उघडल्याचा आवाज, चिमट्याचा, आणि तुकडा विटेवर टेकल्याचा. दर तुकड्याला मॅडमची मान किंचित हले. एकदा मध्येच चिमटा काही तरी शोधत थांबल्यासारखा वाटला. मॅडमनी बाकाची कड घट्ट धरली, उठतील असं वाटलं. उठल्या नाहीत. मग पुन्हा विटेवर तुकडा टेकला आणि त्यांनी हात सोडला.

थोड्या वेळाने रोशनीने आतूनच हाक दिली, की मॅडम, झालं, पाहाले येता का?

"तू पाह्यलं ना? मंग झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली, मला म्हणाल्या की आता निघालं तर दुपारची अकोला गाडी मिळेल, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. त्यानंतर त्या कॉलेजात आल्या नाहीत. फोनवर बोलतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, पण खोलीचं विचारत नाहीत. त्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, मी हात हलवला. रोशनी निरोप द्यायला बाहेर आली नाही. तिचे तुकडे अजून गरम होते.